माहिती अधिकाराचा अर्ज सारखा परत येतोय? आधी तो कुठे टाकला ते बघा

तहसील कचेरीच्या समोर आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज रोजच हाताखालून जातात. आणि दर आठवड्याला दोन-तीन जण तरी तोच कागद घेऊन येतात, लेटरहेडवर चार ओळी, "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." माणूस चिडलेला असतो, म्हणतो बघा ताई, लपवतायत. कधी कधी लपवतातही, नाही असं नाही. पण मी अर्ज वाचायला घेते तेव्हा बहुतेक वेळा दिसतं की अर्ज चुकीच्या टेबलावर गेलाय, आणि त्यातला प्रश्नही असा आहे की बरोबरच्या टेबलावर गेला असता तरी कोरडंच उत्तर आलं असतं. हा घोळ इतक्या वेळा होतो की एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं.

दिवाळीनंतर एक आजोबा आले होते, पिशवीतून तीन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. "पोरी, तिसऱ्यांदा आलंय बघ ह्ये." गावापासून हायवेपर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता, डांबर उडालेलं, दुधाची गाडी यायला तयार नाही. त्यांनी पहिला अर्ज टाकला जिल्हा परिषदेच्या बांधकामला, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याला, तिसरा तहसीलला. तिन्ही अर्जांत मजकूर तोच. आमचा रस्ता एवढा खराब का झाला, याला जबाबदार कोण, त्याच्यावर काय कारवाई करणार आणि रस्ता कधी करणार. तिन्हीकडून एकच उत्तर, आमचा नाही.

मी त्यांना विचारलं, आजोबा, रस्त्यावर किलोमीटरचा दगड आहे का? म्हणाले, आहे की, गवतात पडलाय आडवा. डोकं कुठल्या रंगाचं? जरा आठवून म्हणाले, भगवं हाय.

तिथेच अर्धं काम झालं. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य मार्ग, आणि भगवा किंवा नारिंगी म्हणजे ग्रामीण रस्ता. पण ग्रामीण रस्ता म्हटलं तरी तो जिल्हा परिषदेने केलेला की ग्राम सडक योजनेतला, हे दगडावरून कळत नाही, त्यासाठी रस्त्याच्या सुरुवातीचा बोर्ड बघावा लागतो. नातवाला गाडीवरून पाठवलं, त्याने फोटो आणला, अर्धा गंजलेला बोर्ड, प्रधानमंत्री ग्राम सडक योजना, रस्त्याचं नाव, लांबी, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि खाली देखभालीचा कालावधी. या योजनेत (ती २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली) रस्ता केल्यावर पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि बोर्डावरच्या तारखेप्रमाणे ती पाच वर्षं अजून संपलेली नव्हती! म्हणजे आजोबा तीन ऑफिसांत जे विचारत फिरत होते त्याचं निम्मं उत्तर त्यांच्याच शिवारात उभं होतं. आणि या योजनेची कामं बघायला जिल्ह्याला वेगळे कार्यकारी अभियंता असतात, राज्याच्या ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या खाली. अर्ज तिथे जायला हवा होता.

तर अर्ज परत आला की रागावून तोच मजकूर पुढच्या ऑफिसला टाकू नका. आधी शोधा की तुम्हाला हवा असलेला कागद नक्की कुठल्या कपाटात आहे. खातं कुठलं हे नंतर बघा, आधी कागद. शेतीच्या फेरफाराची फाईल हवी असेल तर ती तहसील-तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण बोलताना सगळे तलाठीच म्हणतात), मोजणीचा नकाशा हवा असेल तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे. आता एकाच जमिनीचे हे तीन कागद तीन ऑफिसांत, आणि लोक तिन्ही एका अर्जात तहसीलदारांना मागतात. तहसीलदार मोजणीचा नकाशा देऊ शकत नाहीत कारण तो त्यांच्याकडे नसतोच. शिवाय यातल्या बऱ्याच कागदांना माहिती अधिकार लागतच नाही, डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साईटवर १५ रुपयांत निघतो, त्यासाठी माहिती अधिकारात उत्तराची मुदत असलेले तीस दिवस कशाला थांबायचं.

हे आधी शोधायचं काम फार महत्त्वाचं आहे आणि तेच कुणी करत नाही. कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक ऑफिसने १७ मुद्द्यांची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते, कोण काय काम बघतं, कुणाला काय अधिकार, बजेट किती, जन माहिती अधिकारी कोण. सगळीकडे ती अद्ययावत नसते, मान्य, पण जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारा) आणि प्रथम अपिलीय अधिकारी (उत्तर पटलं नाही तर ज्याच्याकडे पहिलं अपील करायचं तो) यांचा बोर्ड बहुतेक ऑफिसच्या दारात किंवा जिन्यात लावलेला असतो. मोबाईलवर त्याचा फोटो काढा. एवढं केलं की पत्त्याची चूक जवळपास संपते.

अजून एक सोय फार थोड्या लोकांना माहिती आहे. राज्य सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढलंय की जिल्हास्तरावरची ऑफिसं आणि महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. पुणे महापालिकेत हे त्याच्याही आधीपासून चालू होतं. तर अर्ज टाकायच्या आधी एका सोमवारी जाऊन फाईल बघून या, आत कुठले कागद आहेत, त्यांची नावं काय, नंबर काय, हे वहीत लिहून आणा, आणि मग नेमक्या त्याच कागदांच्या प्रती मागा. असा अर्ज आला की समोरच्या क्लार्कलाही टाळाटाळ करायला जागा राहत नाही, कारण कागद आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. काही ठिकाणी शिपाई सांगतो असं काही नसतं, तेव्हा परिपत्रकाची प्रिंट सोबत ठेवा आणि न भांडता दाखवा.

मोठ्या साहेबाच्या नावाने टाकला की लवकर मिळतं, हा दुसरा मोठा गैरसमज. थेट मंत्रालयात, मुख्यमंत्र्यांच्या नावाने, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने. होतं काय, तो अर्ज वरून खाली उतरत उतरत शेवटी त्याच तालुक्याच्या टेबलावर येतो जिथे तुम्ही चालत जाऊन देऊ शकला असता, आणि मधे दिवस जातात ते वेगळेच. कलम ६(३) प्रमाणे अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे हा कायदा लागू असलेल्या दुसऱ्या ऑफिसकडे, पाठवायला पाच दिवसांची मुदत आहे आणि नव्या ऑफिसचे तीस दिवस अर्ज तिथे पोचल्यापासून धरतात. आणि अर्जावर माणसाचं नाव घालू नका, "जन माहिती अधिकारी तथा" आणि पुढे पद आणि ऑफिस, एवढंच. माणसं बदलतात, बदली झालेल्या साहेबाच्या नावाचं पाकीट त्याच्या मागे नव्या गावाला गेल्याचं मी बघितलंय.

एकाच मजकुराच्या पाच प्रती पाच ऑफिसांना टाकायची सवयही सोडा. प्रत्येक जण समजतो दुसरा देईल. केंद्राच्या कार्मिक विभागाने २००८ सालीच स्पष्ट केलंय की माहिती जर अनेक प्राधिकरणांकडे विखुरलेली असेल तर ती गोळा करून द्यायची किंवा सगळ्यांना अर्ज वाटत बसायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर नाही, अर्जदाराला तसं कळवलं तरी पुरे. म्हणजे विखुरलेली माहिती असेल तर प्रत्येक ऑफिसला त्याच्यापुरता वेगळा अर्ज.

केंद्राचं आणि राज्याचं वेगळं असतं हे तर पदोपदी आडवं येतं. रेल्वे, पोस्ट, सरकारी बँका, पीएफ, एलआयसी, पासपोर्ट हे सगळं केंद्राचं. केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवर राज्याच्या खात्याचा अर्ज भरला तर तो परत येतो आणि भरलेले दहा रुपये परत मिळत नाहीत, तिथे तसं लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. राज्याचं ऑनलाईन पोर्टल वेगळं आहे, त्यात आपलं खातं आहे का ते आधी बघा, नसेल तर कागदावर करा. फीचाही असाच घोळ. राज्याच्या ऑफिसला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की झालं, पण तोच स्टॅम्प चिकटवून रेल्वेला पाठवला तर चालत नाही, केंद्राला पोस्टल ऑर्डर किंवा डीडी किंवा ऑनलाईन. आमच्याकडे एकाचा पीएफचा अर्ज फक्त या स्टॅम्पपायी महिनाभर लटकला होता. दारिद्र्यरेषेखालचं असेल तर फी नाही, पण त्याचा दाखला जोडावा लागतो आणि लोक नेमका तोच विसरतात.

आणि काही ठिकाणं अशी आहेत जिथे हा अर्ज थेट चालतच नाही. गृहनिर्माण सोसायटी, पतसंस्था, खासगी बँक, बिल्डर. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण होत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या केरळमधल्या थलप्पलम बँकेच्या निकालात सांगितलंय. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही, त्याने घेतला नाही तर तो चुकीचाही नाही. सदस्य म्हणून कागद बघायचा हक्क सहकार कायद्यात वेगळा आहे, त्याखाली साधा अर्ज द्या, आणि ऑडिट रिपोर्टसारखं जे उपनिबंधकांकडे जमा होतं ते उपनिबंधक कार्यालयात माहिती अधिकाराखाली मागा. बिल्डरच्या बाबतीत आधी महारेराची (बांधकाम प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) साईट उघडा, प्रोजेक्टचे बरेचसे कागद तिथे आधीच टाकलेले असतात.

आता प्रश्नाचं. टेबल बरोबर असून अर्ज वाया जातो तो यामुळे.

माहिती अधिकारात माहिती मागायची असते, म्हणजे जे कुठल्या तरी स्वरूपात कागदावर, फाईलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे ते. "रस्ता का खराब झाला" याचा कागद कुठल्याच कपाटात नसतो. "जबाबदार कोण", "तुम्हाला हे योग्य वाटतं का", "कधी करणार", यांची उत्तरं माहिती अधिकाऱ्याने बसून तयार करावीत अशी कायद्याची अपेक्षा नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हेही सांगितलंय की जी माहिती अस्तित्वात नाही ती बनवून द्यायला अधिकारी बांधील नाही. पण गंमत बघा, "का" च्या मागचा कागद मात्र असतोच. आजोबांचा अर्ज मी असा टाईप केला. अमुक ते अमुक या रस्त्याच्या कामाबाबत, कालावधी काम मंजूर झाल्यापासून आजपर्यंत, पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात, मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, ठेकेदाराला दिलेली देयकं, आणि पाच वर्षांच्या देखभालीत केलेल्या तपासणीच्या नोंदी. बस्स. कुणावर आरोप नाही, भ्रष्टाचार हा शब्द नाही, "अन्यथा उपोषणास बसू" नाही. आजोबांना ते जरा मिळमिळीत वाटलं, म्हणाले, "यात आपण काय ठणकावलंच न्हाई." मी म्हटलं, आजोबा, ठणकवायचं ते कागद हातात आल्यावर. मोजमाप पुस्तकात डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते, आणि रस्त्यावर पट्टी धरली की खरी जाडी दिसते.

लांबीवरही मर्यादा आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय घातले तर अधिकारी पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणू शकतात, आणि म्हणतातच. केंद्राला ५०० शब्द चालतात. मला स्वतःला ही १५० ची अट आवडत नाही, कमी शिकलेल्या माणसाला थोडक्यात लिहिणंच सगळ्यात अवघड जातं, पण आहे तर आहे. राज्याचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात करा, त्यात विषय, कालावधी आणि तपशील यांना वेगळ्या जागा आहेत, त्या भरल्या की अर्ज आपोआप आटोपशीर होतो. माहिती कशासाठी हवी ते लिहू नका, कलम ६(२) प्रमाणे कारण द्यायची गरज नाही, आणि कारण लिहायला घेतलं की माणूस गाऱ्हाणं लिहायला लागतो.

गाऱ्हाणंच असेल तर त्याची जागा वेगळी, हे पण सांगते. दाखला अडकलाय, उत्पन्नाचा, जातीचा, तर माहिती अधिकाराच्या मागे लागू नका, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अशा सेवांना मुदत ठरवलेली आहे आणि मुदत गेली की अपील करता येतं. रस्त्याच्या खड्ड्याची तक्रार ग्राम सडक योजनेतल्या रस्त्यासाठी मेरी सडक ॲपवर फोटोसकट होते. बाकी तक्रारींना आपले सरकारचं तक्रार पोर्टल आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तक्रारीला दोन-तीन महिने झाले आणि कुणी हूं की चूं करत नाही, तेव्हा मात्र माहिती अधिकार कामाचा. माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या, एवढी एकच ओळ. ती फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती ते त्या टिपणीत तारखेनिशी दिसतं. म्हणून कुठलाही अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

एवढं सगळं केलं आणि तरी "आमच्याशी संबंधित नाही" आलं तर? तर मग चूक तुमची नाही आणि गप्प बसायचं कारण नाही. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे आहे असं ज्याला वाटतं त्या अधिकाऱ्याने अर्ज परत पाठवायचा नसतो, पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करून तुम्हाला तसं कळवायचं असतं. सामान्य माणसाला खात्यांची जंगलवाट माहिती नसते हे धरूनच हे कलम केलंय आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पाकीट हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यात एकच मुद्दा लिहा, कलम ६(३) प्रमाणे अर्ज हस्तांतरित केला नाही. अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, फार तर कारण देऊन ४५ दिवसांत व्हायला पाहिजे. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांच्या आत, पण तिथे नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्याच अर्जाला जास्तीची अर्धा तास मेहनत घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

आजोबांना सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं, ६४ पानांचे दोन रुपयांप्रमाणे १२८ रुपये भरा. त्यांनी चिल्लर मोजून दिली. आता मोजमाप पुस्तकाची पानं माझ्या काउंटरवर आहेत, नातू आणि गावातली दोन पोरं उद्या सकाळी स्टीलची पट्टी आणि टेप घेऊन रस्त्यावर जाणार आहेत, पहिल्या किलोमीटरपासून दर दोनशे मीटरला फोटो काढायचा, पट्टी दिसली पाहिजे फोटोत. आडवा पडलेला दगड पण उभा करा म्हटलंय.